बटणांचा समुद्र

करीमचाचांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांच्या बायकोचा, जोहराचाचींचा, यावरून ठरलेला विनोद होता. त्या म्हणायच्या, "ह्यांनी मांजरा धरण एकदा बघितलं, तेबी कोरडं. आन् निघाले समुद्र करायला."

चाचा लातुरातले जुने देखावेवाले. गणपतीत मंडळांपुढे हलते देखावे असतात ना, राक्षसाचं डोकं उडतं, देवीचा हात वर होतो, मागून टेपवर कथा चालते, ते काम त्यांचं. अहमदपूरपासून औशापर्यंत एकेकाळी त्यांना गणपतीआधी तीन महिने उसंत नसायची. पुढे मंडळांनी डीजे आणले, मग एलईडीच्या भिंती आणल्या. २०१७ साली मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा ते कूलर दुरुस्त करत होते आणि पाच वर्षांत त्यांनी एकही देखावा केला नव्हता.

मी उमरीची. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून लातुरात काम शोधत होते. गुरुपादप्पा सरांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं. सरांचा मेडिकल-इंजिनिअरिंगचा मोठा क्लास होता, पाच मजली. तळमजल्यावर एक हॉल रिकामा होता. पाचवी-सहावीच्या मुलांची फाउंडेशन बॅच सुरू करायची, तर पालकांना आधी काहीतरी वेगळं दाखवलं पाहिजे, असं सरांच्या मनात होतं. त्यांनी मोबाइलवर परदेशातलं एक संग्रहालय दाखवलं. मुलं भिंतीला हात लावत होती आणि मासे त्यांच्या हाताकडे येत होते.

"असा समुद्र पाहिजे," सर म्हणाले. "पोरानं हात लावला की समुद्रानं उत्तर दिलं पाहिजे. सगळं ॲटोमॅटिक. हलायचं काम करीमभाईंचं, सेन्सर-बटणं या शिल्पा मॅडमची."

चाचांनी मान हलवली. "देखाव्याला हात लावू देत न्हाईत सर. आम्ही दोरी बांधतो पुढं."

"इथं दोरी नको. इथं पोरांनीच चालवायचं."

"मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही करून ठेवायचं. चांगलं झालं तर कायमचं राहील हे. उठवायचं न्हाई."

तोवर चाचा उभे होते. हे ऐकल्यावर ते खुर्चीवर बसले. "कायमचं म्हणजे?"

"कायमचं म्हणजे कायमचं. बिल्डिंग हाय तोवर."

दुसऱ्या दिवशी मी हॉलवर गेले तर चाचा गुडघ्यांवर चालत भिंतीवर खडूने रेघा ओढत होते. मी विचारलं, काय करताय?

"दहा वर्षांच्या पोराचा डोळा इथं येतो," ते म्हणाले. "आपण उभं राहून समुद्र केला तर पोरांना नुसती बुडं दिसतील माशांची."

दोन महिने आम्ही खपलो. मला ड्रॉइंग काढायची सवय होती, त्यांना नव्हती. पण हातात वस्तू आली की तिचं काय होऊ शकतं ते त्यांना दिसायचं. स्कूटरच्या जुन्या ट्यूबमध्ये ब्रेकची तार घातली आणि ऑक्टोपसचे आठ पाय झाले. तार ओढली की पाय वळायचा, सोडली की लोळत परत यायचा. देवमाशाच्या तोंडात दातांऐवजी झालर असते असं मी सांगितलं, तर त्यांनी कूलरच्या वाळ्याची ताटी कापून लावली. तोंड उघडलं की थोडा वाळ्याचा वास यायचा. छत्र्यांचे जेलीफिश झाले. लाटांसाठी त्यांनी वीस फुटी दांड्यावर लाकडी अंडाकृती चकत्या बसवल्या, प्रत्येक चकती आधीच्यापेक्षा थोडी फिरवून. वर निळं मंडपाचं कापड. दांडा फिरला की लाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे चालत जायची. हे गणित आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं. चाचा सातवी नापास होते.

"कुठं शिकलात हे?"

"उस्ताद मारायचे," ते म्हणाले. "मार खाऊन खाऊन लाट आली."

एकूण बारा बटणं, बारा हालचाली. प्रत्येक हालचालीला गाडीच्या वायपरची मोटार. मी सर्किट बोर्ड तयार केले, टेबलावर एकेक तपासला, सगळे चालले. मग उद्घाटनाला आठवडा असताना सगळं एकत्र जोडलं आणि माझ्या बोर्डांनी मान टाकली. एक मोटार सुरू झाली की तिचा झटका तारेतून परत यायचा आणि बोर्ड सगळं विसरून पहिल्यापासून सुरू व्हायचा. ऑक्टोपसचं बटण दाबलं की कासव थांबायचं, देवमाशाचं तोंड उघडं पडायचं. मी गोलाईच्या बाजारातल्या दुकानांतून कंडेन्सर आणून लावले. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. मोटार आणि बोर्ड यांचा संबंध तोडणारे सुटे भाग हवे होते. ते लातुरात मिळेनात. पुण्याहून मागवले तर पार्सलमध्ये भलतेच निघाले. पुन्हा मागवले. आठ दिवस लागतील म्हणाले.

१३ नोव्हेंबरला, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी मी जमिनीवर बसून रडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सरांनी शहरभर जाहिरातीचे बोर्ड लावले होते. ‘मराठवाड्यात प्रथमच, संपूर्ण ॲटोमॅटिक समुद्र.’

चाचा म्हणाले, "बेटा, तुझं बटण दाबलं तर नुसता बल्ब लागतो का?"

"लागतो."

"बारा बल्ब दे मला मागं. नंबर टाकून. बाकी मी बघतो."

प्लायवूडची भिंत आणि खरी भिंत यांच्यात दीड फुटाची फट होती. मोटारी काढून त्यांनी सगळ्या तारा, सगळे नायलॉनचे तंगूस एका फळीवर आणले. कुणी पेटी वाजवायला बसावं तशी बैठक केली. समोर बारा छोटे बल्ब. डोळ्यांच्या उंचीला, ऑक्टोपसच्या मागे, एक जाळीचं भोक. लाटांची मोटार तेवढी तशीच राहिली, ती बोर्डावर नव्हती.

"चाचा, हे खोटं आहे."

"देखाव्याच्या मागं माणूस असतोच की. खोटं काय त्यात?"

मला हे पटलं नाही. पण मी बल्ब जोडले.

उद्घाटनाला दोनशे मुलं होती. पहिल्या मुलानं ऑक्टोपसचं बटण दाबलं. पाय हळू वर आला, मुलाच्या नाकापर्यंत, आणि थांबला. मुलानं डोकं मागे घेतलं तसा पायही मागे गेला. मग रांग मोडली. एक दांडगट मुलगा सारखं बटण बडवत होता तर ऑक्टोपस दगडामागे जाऊन बसला, बाहेरच येईना. एक लहान मुलगी लांब उभी होती, तिनं बटणाला नुसतं बोट टेकवलं तर आठही पाय एकदम फुलले. देवमासा कुणाकडे पाहून तोंड उघडायचा, कुणाकडे पाहून मिटायचा. सेन्सरवर चालणारी कुठलीच गोष्ट असं करत नाही. मला ते कळत होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

गुरुपादप्पा सर माझ्याजवळ आले. "मॅडम, काय प्रोग्रॅमिंग केलंय," म्हणाले. "उद्यापासून शाळांच्या बॅचा लावतो. दहा ते पाच. रोज."

मला तेव्हाच सांगता आलं असतं.

चाचा दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशी बसले. ऑक्टोपसच्या तारा सगळ्यात जड होत्या, त्या तारांनी बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. चाचा बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून बसायला लागले. फटीत एकदा शिरलं की पाचपर्यंत बाहेर येता यायचं नाही, कारण दार हॉलमध्येच उघडायचं. चौथ्या दिवशी जोहराचाची डबा घेऊन आल्या आणि मला जिन्याखाली गाठलं.

"तुझी मशीन कधी होनार बेटा?"

"पार्सल आलं की दोन दिवसांत."

"हे मानूस पानी पीत न्हाई. सकाळपासून थेंब न्हाई. पानी पिलं तर बाहेर जावं लागंल म्हणून. काल घरी येऊन अंग तापलं. मी म्हटलं, सरांना सांगा जाऊन, तर म्हणतात, सांगितलं की उठवतील."

"उठवू देत ना चाची. जीव महत्त्वाचा."

चाचींनी डबा पायरीवर ठेवला आणि त्याही बसल्या. त्यांनी मला जे सांगितलं ते चाचांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्र्याण्णव साली चाचांनी उस्तादांना सोडून पहिला स्वतःचा देखावा केला. औशाच्या पुढच्या एका गावात, समुद्रमंथनाचा. एका बाजूला देव, एका बाजूला दानव, मध्ये खरंच घुसळणारा समुद्र. मागून दोर ओढायला गावातली अकरा माणसं शिकवून तयार केली होती. चाची तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या, त्यांना पाहता आला नाही. फोटो काढायचं राहून गेलं. शेजारच्या गावांतून बैलगाड्या भरून माणसं येत होती म्हणे. अनंत चतुर्दशीला गणपती उठले, चाचांनी देखावा उतरवला, टेम्पोत भरला आणि लातूरला आले. ती माणसं म्हणत होती, करीमभाई, आजची रात मुक्काम करा, लई दमलात. ते थांबले नाहीत. पहाटे चारच्या आत जमीन हलली.

"टेम्पो होता तसा घेऊन परत गेले," चाची म्हणाल्या. "मंडपाच्या ताडपत्र्या, बांबू, सगळं तिथंच दिलं. अकरातले दोघं राहिले होते. तो समुद्र बघितलेलं गावच राहिलं न्हाई. मला कधी सांगायला बसले की अर्ध्यावर गप होतात. खरंच केला होता का मी, असं मलाच विचारतात." त्या उठल्या. "म्हणून हा उठवू देनार न्हाईत ते. मी सांगून बघितलं. तूच मशीन कर लवकर."

त्या रात्रीपासून मी रोज पार्सलचा नंबर लावून पाहायचे. नागपूर दाखवायचं, मग परत पुणे.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. जोडायला हॉल दोन दिवस बंद हवा होता आणि बंद कशाला, हे सरांना सांगता येत नव्हतं. आम्ही शनिवारची रात्र आणि रविवार धरला. मध्ये फक्त शनिवारचा दिवस होता.

शनिवारी अहमदपूरच्या एका शाळेची बॅच आली. त्यात अलीझा नावाची एक मुलगी होती, दोन वेण्या, एका हाताला प्लास्टर. तिनं ऑक्टोपसशी खेळ लावला. ती डावीकडे गेली की पाय डावीकडे. ती खाली बसली की पायही खाली. चाचांना वाटलं असेल, प्लास्टर असलेली पोर आहे, जरा जास्त खेळवू. बाकीची मुलं पुढे गेली तरी ती हलेना. मग तिनं चांगला हात ऑक्टोपसच्या मागे जाळी सारून भोकात घातला आणि आतलं बोट धरलं.

बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, आत मानूस हाय. त्याचं बोट गरम हाय."

बाई हसल्या. पण सर तिथं चार पालकांना घेऊन उभे होते. सरांनी बाजूचं दार उघडलं.

चाचा फटीत बसलेले होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, बोटांना ट्यूबचे तुकडे. पाच नंबरचा बल्ब लागलेला होता आणि त्यांनी सवयीनं पाच नंबरची तार ओढली. बाहेर कासवानं मान काढली.

बॅच गेल्यावर त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. दारातच मी म्हणाले, चूक माझी आहे, माझे बोर्ड चालले नाहीत.

"मॅडम, तुम्ही थांबा." ते चाचांकडे वळले. "करीमभाई, मी बोर्डावर काय लिहिलंय?"

"ॲटोमॅटिक."

"आन् त्या चार पालकांनी काय बघितलं? उद्या ते म्हणतील, समुद्र असा, तर ह्यांचे निकालबी असेच असतील. मागं कुणीतरी बसवलेलं. लातुरात क्लास बुडायला एवढं पुरतं."

"पोरं खूश होती ना सर."

"फी पोरं भरत न्हाईत." सर वाईट माणूस नव्हते, त्यांनाही हे बोलणं जड जात होतं. "हॉलमध्ये ऐंशी बाकं बसतात. मला टेस्टला जागा कमीच हाय. सोमवारी दहा वाजता मशिनवर चालवून दाखवा. आत मानूस नको. चाललं तर राहू दे. अडलं तर दुपारी बाकं आनतो."

शनिवार, रविवार आम्ही तिथंच होतो. चाचांच्या बोटांना पकड राहिली नव्हती, म्हणून ते सांगायचे आणि मी मोटारी बसवायचे. सोमवारी पहाटे सगळी बारा बटणं एकदम दाबली. एकही बोर्ड अडकला नाही. मी आनंदानं वळले तर चाचा भिंतीकडे पाहत होते.

दहा वाजता सरांनी फाउंडेशनला नाव घातलेली मुलं आणली, जी आधी दोनदा येऊन गेली होती. चाचा पहिल्यांदाच पुढच्या बाजूला उभे राहिले, भिंतीला पाठ लावून. मुलांनी बटणं दाबली. ऑक्टोपसचा पाय वर आला, तीन सेकंद थांबला, खाली गेला. पुन्हा दाबलं. वर, तीन सेकंद, खाली. एका मुलानं डोकं मागे घेऊन पाहिलं. पाय तिथंच राहिला.

"आज याचा मूड न्हाई," एक जण म्हणाला.

"झोपला असंल."

"बिघडलंय रे. चल."

वीस मिनिटांत हॉल रिकामा झाला. सर घड्याळात बघत होते. बारापैकी बारा बटणं चालली, एकदाही अडलं नाही. "झालं," ते म्हणाले. "आता कसं. राहू दे हे. करीमभाई, खूश?"

चाचा सरांच्या जवळ गेले. मी त्यांना कुणापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. हात पुढे बांधून, मान खाली.

"सर, मला बसू द्या आत. बोर्डावर लिहा, आत मानूस हाय म्हणून. चोरी न्हाई मग. सगळ्यांना दिसंल. दार उघडं ठेवून बसतो."

"करीमभाई."

"पोरं गेली सर. बघितलं न्हाई का तुम्ही? हात लावला आन् गेली."

"मी म्हणालो होतो कायमचं राहील. राहिलं की."

"हाव," चाचा म्हणाले. "राहिलं."

सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मी चाचांना म्हणाले, मी प्रोग्रॅम बदलते, वेळ कमी-जास्त करते, कधी पाय येईल, कधी येणार नाही. मी ते केलंही. डिसेंबरभर रोज काहीतरी बदलत होते. मुलं दोन बटणं जास्त दाबायची, एवढंच. माझ्या प्रोग्रॅमला लांब उभी राहिलेली मुलगी दिसत नव्हती. जानेवारीत शाळांच्या बॅचा थांबल्या. फेब्रुवारीत नीटची टेस्ट सिरीज सुरू झाली आणि समुद्राच्या हॉलमध्ये ऐंशी बाकं आली. समुद्र काढायला सवड कुणाला नव्हती, म्हणून तो भिंतीवर तसाच राहिला.

मार्चमध्ये सरांचा फोन आला. पेपर चालू असताना एका मुलाचं कोपर बटणाला लागलं, देवमाशानं तोंड उघडलं आणि सगळ्या हॉलचं लक्ष उडालं. वायर कापून द्या, म्हणाले. मी चाचांना सांगणार नव्हते. पण चाची बाजारात भेटल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा चाचा फाटकात उभे होते, हातात ओलं फडकं.

"धूळ बसली असंल," ते म्हणाले. "तू तुझं काम कर. मी पुसून घेतो."

सकाळचा पेपर सुरू होता. सुपरवायझर नवा होता, आम्हाला ओळखत नव्हता. मला त्यानं आत सोडलं, कारण सरांनी नाव सांगून ठेवलं होतं. मी फटीत शिरून वायरी कापल्या. जाळीच्या भोकातून हॉल दिसत होता. ऐंशी डोकी खाली, उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवत असलेली. एकही वर नाही. चाचा फडकं घेऊन दारात उभे होते आणि कासवाकडे पाहत होते.

सुपरवायझर त्यांच्याजवळ गेला. "काका, कुणाचे पालक तुम्ही?"

चाचांनी भिंतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पेपर सुटेपर्यंत पालकांनी बाहेर थांबायचं. चला."

मी बाहेर आले तेव्हा ते व्हरांड्यात पालकांच्या बाकावर बसले होते. शेजारी देगलूरकडचे एक गृहस्थ होते, पायाशी पिशवी, पिशवीत डबा. ते चाचांना विचारत होते, "तुमचं कितवं वर्ष? रिपीटर का?"

"हाव," चाचा म्हणाले.

"आमचाबी. दुसरा अटेम्ट." त्यांनी बाकावर चाचांना जरा जागा करून दिली. "होतंय ओ. एखाद्याला टाइम लागतो."

मी म्हणाले, चला चाचा, झालंय माझं. त्यांनी फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली होती.

"तू जा बेटा," ते म्हणाले. "पेपर सुटू दे. बाकं रिकामी झाली की पुसून येतो."

पेपर सुटायला अजून दोन तास होते.